एकच तराजू : तौरात, इंजील आणि आपण

तौरात, जबूर, इंजील आणि कुरआन शरीफ. ही चार नावे आपल्या घरातले लहान मूलसुद्धा मक्तबात जाऊ लागले की थोड्याच दिवसांत पाठ म्हणून दाखवते. अल्लाहने पाठविलेल्या सर्व किताबांवर ईमान ठेवणे हा आपल्या श्रद्धेचा भागच आहे. पण वाचकहो, यांपैकी पहिल्या तीन किताबांविषयी आपल्याला प्रत्यक्षात कितपत माहिती असते? नावे पाठ असतात, आत काय आहे ते ठाऊक नसते, आणि ठाऊक नसताही आपण त्यांच्याविषयी ठाम मते बाळगतो. हा दोष एकट्या आपल्या समाजाचा आहे असे नाही. तरी जो दोष आपल्यात आहे त्याची चर्चा आपण आपल्या स्मरणिकेत करावी, हे बरे.

इतिहासाच्या तासाला रोमन साम्राज्य शिकविताना ख्रिस्ती धर्माच्या उदयाचा विषय निघतो. अशा वेळी एखादी चुणचुणीत मुलगी उभी राहून विचारते, "सर, ख्रिस्ती लोकांची इंजील तौरातशी जुळते का? जुळत नसेल तर ती खोटी मानायची का?" प्रश्न दिसायला साधा आहे. परंतु या एका प्रश्नापायी माणसांना जमातीबाहेर काढले गेले, पंथ निर्माण झाले, ग्रंथांची कापाकापी झाली आणि फार अलीकडे, विसाव्या शतकात, त्याच प्रश्नाच्या आडून भयंकर अन्यायाला धर्माचा मुलामा देण्यात आला. म्हणून या प्रश्नाचा इतिहास सांगावा आणि शेवटी त्यातून आपण काय घ्यावे याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक खुलासा केलेला बरा. हजरत ईसा (अ. स.) यांच्यावर उतरलेली इंजील ही आपल्या श्रद्धेची बाब आहे. ख्रिस्ती लोक ज्याला नवा करार म्हणतात तो सत्तावीस छोट्यामोठ्या पुस्तकांचा संग्रह आहे. त्यात चार शुभवर्तमाने आहेत, प्रेषितांची कृत्ये आहेत आणि बरीचशी पत्रे आहेत. इतिहासकार बोलू शकतो तो या संग्रहाविषयी. तसेच तौरात म्हणजे यहुदी परंपरेप्रमाणे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना व अनुवाद ही पाच पुस्तके. या लेखात हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

जेव्हा नवा करार नव्हताच

आज बायबल एकाच पुठ्ठ्यात बांधलेले मिळते. त्यामुळे ते पहिल्यापासून तसेच असावे असा आपला समज होतो. वस्तुतः हजरत ईसांच्या पहिल्या अनुयायांजवळ नवा करार नावाचे काहीच नव्हते. त्यांचा धर्मग्रंथ म्हणजे तौरात, नबींची पुस्तके आणि स्तोत्रे. पौलाची पत्रे साधारण इ. स. ५० ते ६० या काळातली. चार शुभवर्तमाने त्यानंतरची, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. ७० ते १०० च्या आसपासची. आणि आज आहेत तीच सत्तावीस पुस्तके नेमकी मोजून सांगणारी पहिली यादी सापडते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात.

याचा अर्थ असा की, सुरुवातीच्या काळात नव्या शिकवणुकीला माप लावायचे तर ते तौरातचेच लावले जाई. तौरातनेही तसे माप देऊन ठेवले होते. अनुवाद या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात असा इशारा आहे की, एखाद्याने चमत्कार करून दाखविला आणि तो खरा ठरला, तरी तो जर दुसऱ्या दैवतांकडे नेऊ लागला तर त्याचे ऐकू नका. म्हणजे चमत्कार ही कसोटी नव्हे, तौहीद ही कसोटी. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नावाच्या गावच्या यहुद्यांची प्रशंसा केली आहे. पौलाने सांगितले ते त्यांनी डोळे मिटून स्वीकारले नाही. ते रोज धर्मग्रंथ उघडून पडताळा पाहत असत. ख्रिस्ती ग्रंथानेच ही गोष्ट कौतुकाने नोंदविली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता पडताळा पाहिला असता काय दिसते? काही ठिकाणी मेळ अगदी स्पष्ट आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता हजरत ईसांनी तौरातमधलीच, ईश्वर एक आहे ही आज्ञा सांगितली, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला ते मूसांच्या नियमाप्रमाणे याजकाकडे जाऊन दाखविण्यास सांगतात. आपण शरीअत मोडायला आलो नाही, अशा आशयाचे त्यांचे वचन मत्तयने दिले आहे.

दुसरीकडे भेदही तितकेच स्पष्ट आहेत. तौरातमध्ये डोळ्याबद्दल डोळा असा न्याय आहे; मत्तयच्या पाचव्या अध्यायात वाइटाचा प्रतिकार करू नये असा उपदेश आहे. तौरात तलाकपत्राची परवानगी देते. शुभवर्तमानात ती जवळजवळ काढून घेतली आहे. मात्र तेथे आधार दिला आहे तोही तौरातचाच, उत्पत्तीमधल्या पहिल्या जोडप्याचा. लेवीयमध्ये हराम ठरविलेले अन्न पुढे ख्रिस्ती लोकांनी हलाल मानले. आणि सर्वांत मोठा वाद झाला तो खतन्याचा. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात हजरत इब्राहीम (अ. स.) यांच्या वंशासाठी खतना ही कायमची खूण सांगितली आहे. मग ग्रीक वा रोमन माणूस ख्रिस्ती झाला तर त्याने खतना करायचा की नाही?

सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेम येथे या प्रश्नावर बैठक झाली. परकीयांवर खतन्याची सक्ती करू नये. मूर्तीपुढचे अन्न, रक्त, गुदमरून मारलेला प्राणी आणि व्यभिचार यांपासून त्यांनी दूर राहावे, असा निर्णय तेथे झाल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. निर्णय झाला, पण वाद मिटला नाही. उलट त्यातून तीन वाटा फुटल्या.

तीन वाटा

पहिली वाट एबियोनी म्हटल्या जाणाऱ्या पंथाची. हे यहुदी वंशाचे ख्रिस्ती लोक. ते हजरत ईसांना मानीत, पण खतना व मूसांची शरीअतही पाळीत. पौलाला ते शरीअत सोडणारा समजून नाकारीत. त्यांच्या दृष्टीने माप पक्के होते : तौरातशी जुळेल ते घ्यावे, न जुळेल ते टाकावे. हा पंथ संख्येने लहानच राहिला आणि काही शतकांत नाहीसा झाला. त्यांचे ग्रंथही उरले नाहीत. उरली आहेत ती त्यांच्या विरोधकांनी दिलेली अवतरणे.

दुसरी वाट याच्या अगदी उलट. काळ्या समुद्राच्या काठी सिनोपी नावाचे बंदर आहे. आज ते तुर्कस्तानात आहे. तेथला मार्सियन हा जहाजांचा मालक रोमला आला आणि त्याने तेथील ख्रिस्ती मंडळीला दोन लाख सेस्टर्स एवढी मोठी देणगी दिली. मार्सियनने तौरात आणि ख्रिस्ती ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्याला मेळ दिसेना. एकीकडे दंड देणारा ईश्वर, दुसरीकडे क्षमा करणारा. मग त्याने निष्कर्ष काढला की हे दोन वेगळे ईश्वरच असले पाहिजेत. जग निर्माण करणारा, शरीअत देणारा तो कमी दर्जाचा. आणि ईसांनी दाखविलेला तो वेगळा व श्रेष्ठ. हे दोघांतले विरोध मांडणारा एक ग्रंथही त्याने लिहिला. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याची देणगी नाणी मोजून परत केली.

तौहीद मानणाऱ्या माणसाला मार्सियनचा निष्कर्ष किती भयानक आहे हे सांगायला नको. परंतु विद्यार्थी मित्रांनो, त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याची पद्धत अधिक लक्षपूर्वक पाहा. त्याने चारांपैकी एकच शुभवर्तमान ठेवले, लूकचे. आणि पौलाची दहा पत्रे ठेवली. पण याही ग्रंथांत तौरातशी नाते सांगणारे कितीतरी उल्लेख होते! मग त्याने काय केले? ते उल्लेख मागाहून कोणीतरी घुसडले आहेत असे ठरवून काढून टाकले. लूकमधल्या जन्मकथेचे अध्याय गेले. नबींशी, पूर्वजांशी जोडणारी वाक्ये गेली. आणि मग तो म्हणू लागला, पाहा, या ग्रंथाचा तौरातशी काही संबंध नाही!

आधी निष्कर्ष ठरवायचा आणि मग त्यात न बसणारा पुरावा कापून टाकायचा, याला पडताळा म्हणत नाहीत. शिंप्याने अंगाचे माप घेऊन कापड कापावे हे योग्य. कापड कापून झाल्यावर आता अंगच चुकले असे म्हणणे योग्य नव्हे.

मार्सियनच्या मताचे लोक पुष्कळ होते. दमास्कसजवळच्या एका गावी त्यांच्या प्रार्थनामंदिराचा शिलालेख सापडला आहे. तो इ. स. ३१८ च्या सुमाराचा आहे. आपल्याला अधिक जवळची नोंद म्हणजे बगदादचा ग्रंथसूचीकार इब्न अन्‌-नदीम याची. दहाव्या शतकाच्या अखेरीसही खुरासानात मार्सियनचे अनुयायी असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

तिसरी वाट मुख्य ख्रिस्ती मंडळीची. तिने तौरात टाकली नाही. कार्थेजच्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी मार्सियनविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. दंड देणारा आणि क्षमा करणारा ईश्वर एकच आहे, न्यायावाचून दयेला अर्थ नाही, असे त्याने प्रतिपादन केले. दोन्ही करार एकत्र ठेवण्याचा हा निर्णय फार मोठ्या परिणामांचा ठरला. मार्सियनने आपली यादी केली म्हणूनच इतरांनाही आपले ग्रंथ कोणते हे ठरविण्याची निकड वाटली, असे अनेक अभ्यासक मानतात.

मात्र तिसरी वाटही निर्वेध नव्हती. तौरात ठेवायची, पण खतना, शनिवार, खाण्यापिण्याचे नियम पाळायचे नाहीत, हे कसे जमवायचे? तर हे नियम म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टींची चिन्हे होती, त्यांचा शब्दशः अर्थ घ्यायचा नाही, असा अर्थ लावून. येथे तौरात माप राहिली नाही. नव्या मापाने तौरातच मोजली जाऊ लागली.

जस्टिन आणि ट्रायफो

या अडचणीवर बोट ठेवणारा एक संवाद दुसऱ्या शतकात लिहिला गेला. जस्टिन हा पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाबलस येथे जन्मलेला ख्रिस्ती विद्वान. त्याचा ट्रायफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेला वाद त्याने सुमारे इ. स. १६० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ट्रायफोचा सवाल सरळ होता : तुम्ही आमचा ग्रंथ ईश्वराचा मानता, मग त्यातले सण, शनिवार, खतना का पाळत नाही? जस्टिनने आपल्या परीने दीर्घ उत्तर दिले. पण वादाच्या ओघात त्याने यहुद्यांवर असाही आरोप केला की, त्यांनी आपल्या गैरसोयीची वचने ग्रंथांतून काढून टाकली आहेत.

म्हणजे वाचकहो, ग्रंथात फेरफार केल्याचा आरोप, ज्याला आपण तहरीफ म्हणतो, हा यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात इस्लामच्या आगमनापूर्वी साडेचारशे वर्षे चालू होता.

आता या आरोपाचा पडताळा कसा पाहायचा? जस्टिनने सांगितलेले एक वचन स्तोत्रांमधले आहे. ते शब्द हिब्रू प्रतींत नाहीत. यहुद्यांनी ते काढले नसून ख्रिस्ती हातांनीच कधीतरी ते जोडले असावेत, असे आज अभ्यासक मानतात. दुसरा वाद यशया नबींच्या पुस्तकातल्या एका शब्दाचा. हिब्रूत त्याचा अर्थ तरुण स्त्री असा होतो; ग्रीक भाषांतरात कुमारी असा शब्द आहे. (हजरत मरियम यांच्या पावित्र्यावरची आपली श्रद्धा कुरआन शरीफवर आधारलेली आहे. ती या एका शब्दावर अवलंबून नाही. येथे प्रश्न केवळ शब्दाचा आहे.) १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत मेंढपाळांना चामड्याच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची संपूर्ण प्रत निघाली. ती सुमारे सात मीटर लांब आहे आणि ख्रिस्ती धर्माच्या उदयापूर्वी शंभरहून अधिक वर्षे आधीची आहे. त्या प्रतीत तोच हिब्रू शब्द आहे जो यहुद्यांच्या आजच्या प्रतींत आहे. म्हणजे यहुद्यांनी तो शब्द मागाहून बदलला नव्हता. पण त्याचबरोबर हेही खरे की, ग्रीक भाषांतर यहुद्यांनीच ख्रिस्ती धर्माच्या आधी केलेले होते. म्हणजे ख्रिस्ती लोकांनीही तो शब्द बनावट घातला नव्हता. कुमरानच्या इतर काही प्रतींत पाठभेदही आढळतात, हेही सांगितले पाहिजे. तात्पर्य, दोन्ही बाजूंचे संतापाचे आरोप एकीकडे राहिले. निकाल दिला तो चामड्याच्या एका जुन्या गुंडाळीने.

विसाव्या शतकातील धडा

कोणाला वाटेल, या जुन्या भानगडींशी आपल्याला काय करायचे आहे? तर आता जर्मनीकडे पाहू. नाझी राजवटीत १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडागृहात सुमारे वीस हजार लोकांची सभा भरली. तेथे 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या चळवळीच्या पुढाऱ्याने जुना करार यहुदी म्हणून सोडून द्यावा अशी उघड मागणी केली. १९३९ मध्ये आयझेनाख येथे जर्मन चर्चमधून यहुदी प्रभाव काढून टाकण्यासाठी एक संस्थाच निघाली. १९४० मध्ये तिने यहुदी संदर्भ गाळलेला नवा करार छापला. पुन्हा तीच कात्री! फरक एवढाच की मार्सियनच्या हाती सत्ता नव्हती आणि त्याने कोणाची हत्या केली नव्हती. येथे ग्रंथातून यहुदी नावे खोडली जात असताना त्याच देशाची सत्ता जिवंत यहुद्यांना नाहीसे करीत होती, आणि पुढच्या पाच वर्षांत साठ लाखांच्या घरात माणसे मारली गेली.

त्याच १९३३ च्या डिसेंबरमध्ये म्युनिकचे कार्डिनल फाउलहाबर यांनी प्रवचनांतून जुन्या कराराचा जाहीरपणे पुरस्कार केला, हीही नोंद केली पाहिजे. आवाज उठविणारे होते, पण थोडे होते.

आपल्या विद्वानांची परंपरा

आता आपल्या घराकडे वळू. कुरआन शरीफमध्ये हजरत ईसांविषयी सूरह आल-इम्रानमध्ये जे आले आहे त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. ते आपल्यापूर्वीच्या तौरातची साक्ष देतात आणि पूर्वी हराम केलेल्या काही गोष्टी हलाल करतात. हे नीट समजून घ्या. साक्ष देणे म्हणजे प्रत्येक नियम जसाच्या तसा पुढे चालविणे नव्हे. दोन किताबांत नियमांचा फरक दिसला एवढ्यावरून धाकटी किताब खोटी ठरत नाही, हे तत्त्व आपल्याच किताबाने आपल्याला शिकविले आहे. पैगंबरांचा मूळ दीन एक, शरीअती वेगवेगळ्या, असे आपले आलिम म्हणत आले ते याच अर्थाने.

एक उदाहरण देतो. लेवीयच्या अकराव्या अध्यायात उंटाचे मांस हराम आहे. आपण उंटाची कुर्बानी करतो. प्रत्येक नियम तौरातशी जुळलाच पाहिजे ही कसोटी आपण ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथाला लावली, तर उद्या कोणी यहुदी तीच कसोटी घेऊन आपल्या दारात उभा राहील. त्याला आपण काय उत्तर देणार? मदीना येथे हा प्रश्न निघालाच होता, असे तफसीरकार सांगतात. त्या वेळी कुरआनने उत्तर दिले ते तौरात आणा आणि वाचून दाखवा असे. ग्रंथ झाकून ठेवा असे सांगितले नाही.

आपल्या विद्वानांनी हे आव्हान निरनिराळ्या रीतीने पेलले. कोर्दोव्याचे इब्न हज्म (९९४ ते १०६४) यांनी तौरात व शुभवर्तमाने बारकाईने वाचून त्यांतल्या विसंगती दाखविल्या. त्यांचा सूर कठोर आहे, पण त्यांनी ग्रंथ वाचले होते. पंधराव्या शतकात काहिऱ्याचे अल्-बिकाई यांनी आपल्या तफसीरमध्ये तौरात व इंजीलमधले उतारे खुलेपणाने घेतले. त्यावर मोठे वादळ उठले, तेव्हा जुन्या किताबांतून उतारे घेणे कसे योग्य आहे हे सांगणारा स्वतंत्र ग्रंथच त्यांनी लिहिला.

आणि मग आपला हिंदुस्थान. पाद्री फँडर यांनी 'मीजानुल हक' म्हणजे सत्याचा तराजू नावाचे पुस्तक लिहून मुसलमानांना आव्हान दिले होते. त्यांच्या मताप्रमाणे तौरात आणि इंजील रद्द होऊ शकत नाहीत, म्हणून कुरआनची परीक्षा त्यांच्यावरून करावी. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि फँडर यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला. पहिलाच विषय होता नस्ख, म्हणजे पूर्वीच्या किताबाचा हुकूम नंतरच्या किताबाने बदलू शकतो काय? मौलानांची भूमिका अशी की, तौरातचे हुकूम बदललेले खुद्द तुमच्या ग्रंथात दिसतात. मग तोच न्याय कुरआनला का नाही? दुसऱ्या बाजूचा तराजू त्यांनी त्याच बाजूला धरून दाखविला. त्यांचे सहकारी डॉ. वजीर खान यांनी युरोपीय पंडितांनीच लिहिलेले बायबलचिकित्सेचे ग्रंथ मिळवून वाचले होते. त्या तयारीपुढे फँडर यांना पाठभेद मान्य करावे लागले. १८५७ नंतर मौलाना मक्केला गेले. पुढे त्यांनी इस्तंबूल येथे 'इजहारुल हक' हा ग्रंथ सिद्ध केला आणि मक्केत मदरसाही स्थापन केला.

दुसरी वाट सर सय्यद अहमद खान यांची. १८६२ मध्ये गाझीपूर येथे त्यांनी 'तबयीनुल कलाम' या नावाने बायबलवरील भाष्य उर्दू व इंग्रजीत छापायला सुरुवात केली. एका मुसलमानाने बायबलवर भाष्य लिहावे ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. तहरीफ ही मुख्यतः शब्दांची नसून अर्थाची आहे, असा त्यांचा कल होता. रहमतुल्लाह आणि सर सय्यद यांची मते जुळत नव्हती. पण दोघांत एक गोष्ट समान होती. दोघांनीही आधी वाचले, मग लिहिले.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. कोकणात आपल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या राहिले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तौरात पाळणारी माणसे आपल्याच गावात मराठी बोलत होती. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले.

मग उत्तर काय?

त्या मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. तौरातला ईश्वरी मानणाऱ्याने नंतरचा ग्रंथ तिच्याशी ताडून पाहणे हे गैर नाही. बिरुयाच्या लोकांनी तेच केले. परंतु मेळ कशात पाहायचा हे आधी ठरविले पाहिजे. मूळ श्रद्धेत पाहायचा, नीतीत पाहायचा की खाण्यापिण्याच्या नियमांत? श्रद्धेचा भेद आणि नियमांचा भेद एकाच मापाने मोजता येत नाहीत. हजरत ईसांना ईश्वराचा पुत्र म्हणण्याबाबत आपला आणि ख्रिस्ती बांधवांचा जो मतभेद आहे, तो श्रद्धेचा आहे. तो आपण स्पष्टपणे सांगावा. पण तेवढ्यासाठी खतना किंवा उंट यांसारख्या मुद्द्यांवरून त्यांचा ग्रंथ खोटा पाडण्याच्या भरीस पडू नये. कारण ते माप आपल्याही अंगाला बसणारे नाही.

मार्सियन, जस्टिन आणि आयझेनाखची ती संस्था यांच्या कथेत एकच गोष्ट दिसते. माप दुसऱ्याला लावताना माणूस कठोर असतो आणि स्वतःला लावताना सैल. याविषयी तिन्ही किताबांत जे आले आहे ते पाहिले की मन थक्क होते. अनुवादच्या पंचविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, आपल्या थैलीत एक जड आणि एक हलके अशी दोन वजने ठेवू नका. मत्तयच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्या मापाने तुम्ही मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजले जाईल. आणि सूरह मुतफ्फिफीनचा आरंभच अशा लोकांच्या धिक्काराने होतो, जे घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात. तौरात, इंजील आणि कुरआन कोठे जुळतात असे विचारणाऱ्याला ही जागा दाखवावी.

पालकांना एवढीच विनंती की, मुलांनी असा प्रश्न विचारला तर त्यांना दटावू नका. पुस्तक आणून द्या. संस्थेच्या वाचनालयात कुरआन शरीफच्या मराठी व उर्दू तर्जुम्याशेजारी बायबलची एक मराठी प्रत असेल तर त्यात बिघडणार काही नाही. घडेल ते चांगलेच. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या वकील व्हाल, शिक्षक व्हाल, दुकानात गादीवर बसाल. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्याची पाळी आली की आधी थैलीत हात घालून पाहा, वजने किती आहेत. एकच असेल तर निर्भयपणे बोला.

अल्लाह आपल्या सर्वांना एकाच तराजूने तोलण्याची तौफीक देवो. आमीन.